कॅरॅव्हॅन घेताना आधी अ‍ॅक्सल बघा

सेकंडहँड कॅरॅव्हॅन विकणाऱ्या त्या गृहस्थांचं पालुपद एकच: "तुम्हाला टोइंगची सवय नाही." एम ५ मोटरवेवर, ब्रिस्टलच्या पुढे, उतारावर शेजारून मोठा ट्रक गेला आणि आमची कॅरॅव्हॅन डावी-उजवीकडे झोके घेऊ लागली. वेग साठ मैलांच्या आत होता. मी ब्रेक दाबला नाही, उलटं स्टिअरिंगही मारलं नाही. फक्त अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला, म्हणून वाचलो. मागच्या सीटवर मुलं होती. आणि हे मला ड्रायव्हिंगचा क्लास लावायला सांगतात!

घरी आल्यावर हिचखाली लाकडी ठोकळा आणि बाथरूममधला वजनकाटा ठेवून जॉकी व्हील वर घेतलं. काटा ३८ किलोवर थांबला. भरलेली कॅरॅव्हॅन १,३०० किलोंची. टो-बॉलवर त्याच्या ५ ते ७ टक्के भार लागतो, म्हणजे निदान ६५ किलो. सगळा प्रकार तिथेच लक्षात आला. टॉयलेट, शॉवर, वॉर्डरोब, सगळं मागच्या भिंतीला. तिथेच सायकलींचा रॅक, "हा फ्री" म्हणून कौतुकानं दाखवलेला. त्यात चासीवर अ‍ॅक्सल पुढे सरकवून बसवलेला.

अ‍ॅक्सल मागे असला की नाकावर, म्हणजे हिचवर, भार येतो. हिचपासून तो लांब असला की झोके लवकर विरतात. टोकाला टांगलेलं वजन मात्र एकदा हललं की थांबत नाही, आणि ठरावीक वेगापुढे झोके वाढतच जातात. सामान नीट लावून थोडंफार सावरता येतं, पण अ‍ॅक्सलची जागा घरी बदलता येत नाही.

"स्टॅबिलायझर आहे ना!" हेही ऐकवून झालं होतं. हिच उघडली तर आतले पॅड ग्रीसनं काळे. घर्षणावर चालणारी वस्तू ग्रीस फासून विकली!

घेताना कॅरॅव्हॅनकडे बाजूनं बघा, म्हणजे अ‍ॅक्सल कुठे आहे ते कळेल. स्वयंपाकघर अ‍ॅक्सलच्या वर असलेलं बरं. नाकाचं वजन विक्रेत्याच्या आवारात, त्याच्यासमोर करा. तो कां कूं करू लागला तर सरळ निघा. या वजनासाठी कारची आणि टोबारची मर्यादा पाहून त्यातली कमी असेल ती धरा. नवख्यांनी कॅरॅव्हॅनचं वजन कारच्या ८५ टक्क्यांत ठेवावं. टायरमधली हवा तपासा, जड सामान खाली ठेवा. जे काही सांगतात ते लेखी घ्या.

रॅक काढला, सायकली कारच्या टपावर घेतल्या. काटा ६७ वर आला. दोन्ही आकड्यांचे फोटो त्या गृहस्थांना पाठवलेत. उत्तर आलेलं नाही.