सेवा, प्रसार आणि मानपत्राची भाषा : ग्रहविज्ञानातील एक उदाहरण



ज्ञान निर्माण करणाऱ्यांना मान मिळतो, हे आपण जाणतो. ते ज्ञान सर्वसामान्यांच्या भाषेत आणणाऱ्यांना कोणता मान मिळतो, आणि तो कोणत्या शब्दांत दिला जातो, हा या घटकाचा प्रश्न आहे. उदाहरण ग्रहविज्ञानाचे घेतले आहे. मराठीच्या अभ्यासक्रमात ग्रहांचे काय काम, अशी शंका काहींच्या मनात येईल. तिचे उत्तर एका तबकडीत आहे.

१९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर १ आणि व्हॉयेजर २ ही दोन याने बाह्य ग्रहांकडे पाठवली. प्रत्येक यानावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एक ध्वनिमुद्रिका आहे. तीत पृथ्वीवरील ५५ भाषांमधील अभिवादने आहेत आणि त्यांत मराठी आहे. ‘नमस्कार’ या शब्दाने सुरू होणारे ते छोटेसे शुभचिंतन आणि गोव्यातील केरी गावच्या केसरबाई केरकर यांची भैरवी आज आपल्यापासून २४०० कोटी किलोमीटरहून अधिक अंतरावर आहे. मानवाने बनवलेली अन्य कोणतीही वस्तू व्हॉयेजर १ इतकी दूर गेलेली नाही.

ही तबकडी तयार करणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते कॉर्नेल विद्यापीठातील ग्रहशास्त्रज्ञ कार्ल सेगन (१९३४–१९९६). या कामातून निसर्गाचा कोणताही नवा नियम सापडला नाही. मग ते कोणत्या रकान्यात मांडायचे? आपल्या विद्यापीठांत प्राध्यापकाचे काम अध्यापन, संशोधन आणि विस्तार अशा तीन भागांत सांगितले जाते. पदोन्नतीच्या अर्जात मात्र ‘विस्तारकार्य’ बहुधा अखेरच्या पानांवर येते आणि तोवर वाचणाऱ्याचे मत बनलेले असते, असा माझा अनेक वर्षांचा अनुभव आहे.

‘लोकप्रिय’ हा शब्द

सेगन यांच्याबाबतीत हा रकान्यांचा प्रश्न फार तीव्रपणे उभा राहिला. १९६० साली त्यांनी डॉक्टरेट मिळवली. शुक्राकडून येणाऱ्या तीव्र रेडिओलहरींचे कारण त्याचा अतिशय तप्त पृष्ठभाग हे असावे आणि ही उष्णता त्याच्या दाट वातावरणाने अडवून धरली असावी, हे मत त्यांनी त्याच काळात मांडले. १९६२ साली शुक्राजवळून गेलेल्या मरिनर २ यानाच्या नोंदींनी तप्त पृष्ठभागाला पुष्टी दिली. मंगळावर ऋतूंनुसार बदलणारे गडद पट्टे ही वनस्पती नसून वाऱ्याने हलणारी धूळ आहे, हे स्पष्टीकरण देणाऱ्यांतही ते होते. तात्पर्य, त्यांचे संशोधन दुय्यम नव्हते.

१९८० साली त्यांची ‘कॉसमॉस’ ही तेरा भागांची दूरचित्रवाणी मालिका आली आणि सेगन घराघरांत पोहोचले. त्यानंतर बारा वर्षांनी, १९९२ साली, अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या सदस्यत्वासाठी त्यांचे नाव पुढे आले, तेव्हा सदस्यांनी ते नाकारले. प्रसिद्धीने संशोधक उथळ होतो, ही समजूत त्या विरोधामागे होती, असे तेव्हापासून मानले जाते. गंमत अशी, की याच अकादमीने १९९४ साली त्यांना लोककल्याणासाठी असलेले आपले सर्वोच्च पदक दिले. सदस्य म्हणून नको असलेला माणूस पदकासाठी चालला!

येथे भाषेच्या अभ्यासकाने थांबले पाहिजे. ‘लोकप्रिय व्याख्याते’ हे शब्द व्याख्यानमालेच्या निमंत्रणपत्रिकेवर असले, तर ती स्तुती असते. ‘प्रस्तुत लेखन लोकप्रिय स्वरूपाचे आहे’ हे वाक्य प्रबंधाच्या परीक्षकाने लिहिले, तर विद्यार्थ्याच्या पोटात गोळा येतो. शब्द तोच, कोशातील अर्थही तोच. फरक बोलणाऱ्याच्या स्थानाने पडतो. सेगन यांच्या वाट्याला एकाच विशेषणाचे हे दोन्ही अर्थ आले.

दोन सन्मान, दोन शब्द

अमेरिकन खगोलशास्त्रीय संस्थेचा ग्रहविज्ञान विभाग १९६८ साली स्थापन झाला. त्याच्या पुरस्कारांपैकी दोन आपल्या विषयाशी निगडित आहेत.

पहिला हॅरॉल्ड मासुरस्की यांच्या नावाचा, ग्रहविज्ञानाच्या सेवेसाठी दिला जाणारा. मासुरस्की हे भूवैज्ञानिक. व्हायकिंग १ हे यान १९७६ साली मंगळापाशी पोहोचले, तेव्हा ४ जुलै रोजी, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्याला २०० वर्षे पूर्ण होण्याच्या दिवशी, ते उतरवायचे ठरले होते. कक्षेतून आलेल्या नव्या छायाचित्रांत निवडलेली जागा धोक्याची दिसली. उतरण्याची जागा निवडण्याच्या कामाचे नेतृत्व मासुरस्की यांच्याकडे होते. राष्ट्रीय उत्सवाचा मुहूर्त सोडून नवी जागा शोधण्यात आली आणि यान २० जुलै रोजी सुखरूप उतरले. त्या यानाने पाठवलेल्या माहितीवर पुढे कितीतरी शोधनिबंध लिहिले गेले. पण यान खडकांवर आपटले असते, तर त्यांतील एकही लिहिता आला नसता. ‘सेवा’ या शब्दाचा अर्थ येथे असा आहे : जिच्यावाचून इतरांचे संशोधन होऊच शकत नाही, अशी कृती. १९९१ साली हा पुरस्कार सेगन यांना मिळाला होता. अकादमीचा नकार त्यानंतर वर्षभरानेच आला.

दुसरा सन्मान म्हणजे सेगन यांच्या मृत्यूनंतर त्यांच्याच नावाने सुरू झालेले पदक. त्याचे पहिले मानकरी विल्यम हार्टमन हे चंद्राच्या उत्पत्तीविषयीचा महत्त्वाचा सिद्धान्त मांडणारे शास्त्रज्ञ होत. ते ग्रहांची निसर्गचित्रेही रंगवतात आणि कादंबरीही लिहितात. हे पदक सर्वसामान्य जनतेशी उत्तम संवाद साधणाऱ्या ‘सक्रिय’ ग्रहशास्त्रज्ञाला द्यावे, असे त्याचे स्वरूप आहे. ‘सक्रिय’ हे विशेषण नीट वाचा. लोकांसाठी लिहिणाऱ्याचे संशोधन सुटलेले असते, या आक्षेपाला ते उत्तर देते. पण त्याबरोबरच, समजावून सांगण्याच्या कामाला संशोधनाचा जामीन लागतो, हेही ते मान्य करते. पत्रकारांसाठी या विभागाने २००९ साली जोनाथन एबरहार्ट यांच्या नावाने निराळा पुरस्कार ठेवला. म्हणजे गुणगौरव वाढला आणि रकानेही वाढले. स्वतंत्र पदक असणे चांगलेच. मात्र त्यामुळे मुख्य पंगतीत पान वाढले गेले, असे मला वाटत नाही.

समजावून सांगणे हे श्रम

शुक्राचेच उदाहरण घेऊ. त्याच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे ४६० अंश सेल्सिअस आहे. याचे कारण पाठ्यपुस्तक ‘हरितगृह परिणाम’ या दोन शब्दांत सांगते. आता हे नाशिक जिल्ह्यातील ढोबळी मिरची लावणाऱ्या शेतकऱ्याला सांगायचे आहे. ‘हरितगृह’ हा शब्द तो वापरत नाही. त्याच्या तोंडी ‘पॉलिहाऊस’ आहे. तो शब्द घेतला, की अर्धे काम क्षणात होते, कारण आतला उकाडा त्याने अंगावर घेतलेला असतो. परंतु पुढे अडचण आहे. पॉलिहाऊसमध्ये उष्णता टिकते ती प्रामुख्याने आतली गरम हवा बाहेर जात नाही म्हणून. शुक्रावर मात्र तप्त जमिनीतून निघणारी अवरक्त किरणे दाट कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो आणि त्यांतील काही ऊर्जा पुन्हा खाली पाठवतो. तेव्हा दृष्टान्त कोठवर न्यायचा आणि कोणत्या वाक्यावर सोडून द्यायचा, हे ठरवावे लागते. त्यासाठी भौतिकशास्त्रही हवे आणि श्रोत्याचे शब्दही ठाऊक हवेत. ज्यांच्याकडे यांपैकी एकच आहे, त्यांचे लेखन एकतर कळत नाही किंवा चुकीचे कळते.

मराठीत या श्रमाची दखल थोड्या निराळ्या वाटेने घेतली गेली. जयंत नारळीकर हे ग्रहांचे नव्हे, विश्वरचनेचे अभ्यासक. पण आपला प्रश्न त्यांच्याबाबतही उभा राहतो. मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत त्यांनी ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने कथा पाठवली, ती आपल्या नावाचा प्रभाव परीक्षकांवर पडू नये म्हणून. १९९६ साली त्यांना विज्ञानप्रसारासाठी युनेस्कोचा कलिंग पुरस्कार मिळाला. २०१४ साली ‘चार नगरांतले माझे विश्व’ या आत्मचरित्राला साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला आणि २०२१ साली नाशिक येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. संमेलनाध्यक्षपद ‘सक्रिय शास्त्रज्ञ’ या रकान्यातून आलेले नव्हते. भाषेने त्यांना आपला लेखक म्हणून निवडले होते.

स्वयं-अध्ययनासाठी

आपल्या परिसरात शेती, आरोग्य, आकाशदर्शन किंवा अन्य विषय लोकांना समजावून सांगणाऱ्या एका व्यक्तीचे बोलणे लक्षपूर्वक ऐका. तिने वापरलेला एक दृष्टान्त निवडून तो कोठवर लागू पडतो आणि कोठे तुटतो, हे दहा ओळींत लिहा. त्यानंतर त्या व्यक्तीसाठी शंभर शब्दांचे मानपत्र तयार करा. त्यात ‘सेवा’, ‘निःस्वार्थ’, ‘लोकप्रिय’ आणि ‘मोलाचे योगदान’ हे शब्द वापरू नयेत.