उन्हाळ्यात अरेका पामवर लाल कोळी: आधी पाने उलटून पाहा

उन्हाचा चटका वाढला की पुणे परिसरातल्या रोपवाटिकांत, सोसायट्यांच्या लॉबीत आणि घराघरांत एकच तक्रार सुरू होते: अरेका पामची पाने तपकिरी पडून वाळत आहेत. पाणी वेळेवर आहे, सावली आहे, खतही झाले आहे. तरी झाड दिवसेंदिवस उतरत चालले आहे. मार्च ते मे या काळात अशा झाडाबाबत पहिला संशय लाल कोळीवर घ्यावा.

खात्री करायला पैसा लागत नाही. झावळीची एक पाती उलटी करून उजेडात धरावी. कोळी असेल तर हिरव्या रंगात सुईच्या टोकाएवढे पांढुरके ठिपके दाटलेले दिसतात. मग झावळीखाली पांढरा कागद धरून ती झटकावी. धुळीचे कण पडल्या जागी राहतात, कोळी थोड्या वेळात चालू लागतो. बोटाने चिरडला तर कागदावर लालसर किंवा हिरवट रेघ उमटते. पात्यांच्या बेचक्यात बारीक जाळी दिसत असेल, तर प्रादुर्भाव बराच पुढे गेला आहे.

कोळी हा कीटक नव्हे. प्रौढ कोळीला आठ पाय असतात आणि तो पानाच्या पेशींतला रस शोषतो. हवा कोरडी आणि तापमान 30 अंशांच्या आसपास असले की अंड्यापासून प्रौढ कोळी तयार व्हायला साधारण आठवडा पुरतो. एक मादी शंभराच्या आसपास अंडी घालू शकते. ‘पुढच्या रविवारी बघू’ म्हणणाऱ्याच्या घरी तोवर दुसरी पिढी पानावर आलेली असते. एसीची कोरडी हवा आणि रस्त्याकडेची धूळ दोन्ही कोळीच्या पथ्यावर पडतात.

सर्वांत मोठे नुकसान मात्र कोळीपेक्षा चुकीच्या उपचारांनी होते. पुण्यातल्या एका सोसायटीत लॉबीतल्या अरेकाची पाने वाळू लागली, तेव्हा माळ्याला रोज दोनदा पाणी घालायला सांगण्यात आले. फरक पडेना म्हणून वर युरिया टाकला. महिनाभराने झाडे उपटली तेव्हा मुळे काळी पडून सडलेली होती, मातीला कुबट वास येत होता आणि वाळक्या पानांवर कोळ्यांची जाळी तशीच होती. तहान नसलेल्या झाडाला पाणी पाजून ते मारण्याचा हा प्रकार दर उन्हाळ्यात घडतो आणि तो थांबलाच पाहिजे.

दुसरी चूक इमिडाक्लोप्रिडची. दुकानदाराने दिले म्हणून सरसकट हेच फवारले जाते. ते मावा, तुडतुड्यांसाठी आहे. कोळीवर त्याचा उपयोग नाही. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधील एल्म वृक्षांना भुंगेऱ्यापासून वाचवण्यासाठी हेच औषध दिले गेले आणि त्या झाडांवर कोळी उलट वाढला. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हे मांडले आहे. कोळी खाणारे मित्रकीटक औषधाने दबले आणि कोळीची अंडी घालण्याची क्षमता वाढली. हळदीचे पाणी, ताक, चहाचा चोथा, पानांना चकाकीसाठी खोबरेल तेल यांच्या भरवशावर तर एक दिवसही घालवू नये.

करायचे ते असे. कुंडी इतर झाडांपासून वेगळी करावी. पूर्ण वाळलेल्या झावळ्याच कापाव्यात. अर्धी हिरवी झावळी अजून अन्न तयार करते, ती ठेवावी. मातीवर प्लॅस्टिक बांधून पानांची खालची बाजू पाण्याच्या जोरदार धारेने धुवावी. पाने निथळल्यावर संध्याकाळी एक लिटर पाण्यात 5 मिली निमतेल आणि थोडा सौम्य द्रवसाबण मिसळून आधी एका झावळीवर फवारावे. दोन दिवसांत पान भाजले नाही, तर पूर्ण झाडावर, मुख्यतः पानांच्या खालून फवारणी करावी. कपड्यांची पावडर वापरू नये. अंडी वाचतात, म्हणून दर पाच-सहा दिवसांनी अशा किमान तीन फवारण्या हव्यात. एका फवारणीनंतर थांबणे म्हणजे औषध वाया घालवणे.

रोपवाटिकाधारकांनी शिफारस केलेले कोळीनाशक लेबल वाचूनच घ्यावे आणि दर वेळी औषधाचा गट बदलावा. निमतेलानंतर किमान दोन आठवडे गंधक फवारू नये. कडक उन्हात तर मुळीच नाही.

ठिपके नसतील आणि फक्त टोके तपकिरी असतील, तर बोअरच्या पाण्यातले क्षार तपासावेत. मातीवर पांढरा थर दिसत असल्यास कुंडीतून भरपूर गोडे पाणी निचरू द्यावे आणि खत थांबवावे.

वाळलेला भाग पुन्हा हिरवा होत नाही. सुधारणा मधल्या नव्या कोंबावरून ओळखावी: तो स्वच्छ, हिरवा उलगडला की झाड सावरले. नवे रोप आणल्यावर पंधरा दिवस वेगळे ठेवावे आणि पाऊस सुरू होईपर्यंत दर आठवड्याला प्रत्येक कुंडीची दोन-तीन पाने उलटून पाहावीत.