काळा ताम्र-ऑक्साइड : गुणधर्म, उपयोग व पारख

तांब्याचे भांडे कडक तापले म्हणजे त्यावर काळा थर चढतो. तांबे व हवेतील प्राणवायू यांच्या संयोगाने बनलेला हा काळा ताम्र-ऑक्साइड होय. तो पाण्यात विरघळत नाही. आम्लात मात्र विरघळतो. चिंचेने वा लिंबाने भांडे उजळते ते याच कारणाने.

शुद्ध मालाच्या १०० किलोत सुमारे ८० किलो तांबे असते. तांबड्या ताम्र-ऑक्साइडात ते सुमारे ८९ किलो भरते. म्हणून सौद्याच्या कागदावर नुसते ‘कॉपर ऑक्साइड’ असे न लिहिता काळा की तांबडा, हे स्पष्ट नमूद करावे.

काचेस व मातीच्या भांड्यांच्या झिलईस रंग देण्यासाठी हा वापरतात. जयपूरच्या प्रसिद्ध निळ्या भांड्यांवरील गर्द निळा रंग कोबाल्टचा, तर हिरवट निळी छटा तांब्याची असते. गंधकाम्लात विरघळवून यापासून मोरचूदही करतात.

काळ्या भुकट्या दिसण्यात सारख्याच असतात. म्हणून केवळ रंगावरून माल घेऊ नये. जाणकाराकडून चिमूटभर नमुना सौम्य गंधकाम्लात घालून ऊन करवावा. शुद्ध माल विरघळून निळे द्रावण होते. काजळी किंवा मँगनीज डायऑक्साइड मिसळलेले असल्यास तळाशी काळा गाळ उरतो.

ही भुकटी पोटात वा श्वासात जाणे अपायकारक आहे. ज्यांच्या एकाच वखारीत रंगद्रव्ये व किराणा असतो, त्यांनी ती धान्य-मसाल्यापासून दूर, बंद डब्यात, नाव लिहून ठेवावी. माल चोख देणे हे जसे व्यापाऱ्याचे कर्तव्य, तसेच तो निर्धोक ठेवणे हेही आहे.