वावधान सुटायच्या आधी

पोरी, आपलं तुळजापूर बालाघाटाच्या डोंगरावर. वळवाचं वावधान सुटलं की पाऊस यायच्या आधीच लाईट जाते. मग सगळे मेणबत्ती हुडकत बसतात. तू आधी पाण्याचं बघ. मोटर बंद पडली की टाकीत असेल तेवढंच पाणी आपलं. आभाळ भरून आलं की लाईट असतानाच टाकी, हंडे, घागरी भरून घे. प्यायचं पाणी वेगळं झाकून ठेव. उजेडाची ददात नाही. नवरात्रात अखंड दिवा जपणारं घर आपलं, तेल-वाती असतातच. पण समई देवघरातच ठेव. घरात फिरायला बॅटरी घे, आणि तिची खुंटी बदलू नको.

पत्र्यावर नुसते दगड ठेवून भागत नाही. वारं पत्रा उचलतं नि दगड माणसाच्या डोक्यात येतो. उन्हाळ्यातच मिस्त्रीकडून हूक आवळून घे, कडेची ओळ आधी. वारं तिथूनच शिरतं.

जुन्या खोल्यांच्या माळवदाकडं मात्र नीट लक्ष दे. मृगाच्या आधी वर चढून गवत मुळासकट उपट, मुळांच्या वाटेनंच पाणी आत झिरपतं. पन्हळीतली माती काढून एक तांब्या पाणी ओतून बघ, धार भिंतीपासून लांब पडली पाहिजे. पांढरी माती टाकायची, पण जुना थर खरवडूनच. थरावर थर चढवू देऊ नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा अशीच जड माळवदं नि मातीत रचलेल्या दगडी भिंती झोपलेल्या माणसांवर आल्या. भिंत फुगलेली दिसली तर त्या खोलीत लेकरं निजवायची नाहीत, पाहुणे कितीही असोत.

लाईट गेली की टीव्ही, फ्रीजच्या पिना काढ, एक बल्ब तेवढा चालू ठेव. लाईट आल्यावर तो स्थिर जळतोय हे बघून थोड्या वेळानं बाकीचं लाव. एका खोलीत बल्ब भगभगीत नि दुसरीत मिणमिणता दिसला तर न्यूट्रल तुटला असं समज, मेन स्विच पाड. तार पडली असेल तर काठीनंसुद्धा शिवू नको, भोवतालची जमीनही मारते. लांबूनच लोकांना अडव नि १९१२ ला फोन लाव.

विजा कडाडतात तेव्हा शेतातल्या माणसानं झाडाखाली थांबू नये, कडब्याच्या गंजीला टेकू नये. पक्कं घर गाठावं. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तरी बाहेर पडू नये. पुण्याच्या हवामान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप विजेची आगाऊ सूचना देतं, ते नातवाच्या फोनमध्ये घालून घे.

लाईट नसली की गिरणीही बंद. म्हणून पीठ साठवशील, तर ज्वारीचं आठवड्यापुरतंच दळ. जुनं झालं की विरी जाते नि भाकरी थापताना तुटते. त्यापेक्षा कडक भाकरी करून ठेव. पातळ थापून, भाजून पार कोरडी झाली की पत्र्याच्या डब्यात घाल. सोबत शेंगाची चटणी असू दे, चूल पेटली नाही तरी लेकरं उपाशी राहत नाहीत.