बटण गेलं तरी हिशेब जाऊ नये



महिनाअखेर आली आहे आणि उद्या ग्रामसंघाची बैठक आहे. लेखापाल ताई संगणक उघडतात, तर रोज जिथे बोट जायचं तिथे बटणच नाही. अपडेट झालं आणि पडदा बदलला. शेजारची सखी म्हणते, "आते काय करानं वं माय?"

अशा वेळी घाईत दोन चुका होतात. एक, चालू फाईल सोडून आठवणीने नवी फाईल तयार करायची. दुसरी, पासवर्डसकट सगळी फाईल गावातल्या कुणा जाणकाराच्या हाती द्यायची. किंवा मग नोंदच राहून जाते, "पुढच्या महिन्यात बघू." पण आपली पंचसूत्री आठवा: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जव्यवहार, नियमित परतफेड आणि हिशेब लेखन. पाचवं सूत्र ढिलं पडलं की पहिली चारही डळमळतात. जिने ५०० रुपये हप्ता भरला तिला बैठकीत "तुमची नोंद दिसत नाही" असं ऐकावं लागलं, तर तुटतो तो विश्वास. तो कोणत्याही अपडेटने परत येत नाही.

म्हणून हा धडा नीट वाचा आणि गटात वाचून दाखवा.

बटण का जातं?

सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपन्या जगभरातल्या वापराचा विचार करून बदल करतात. जी सोय कमी लोक वापरतात ती आत सरकवतात किंवा काढून टाकतात. एक्सेलमध्ये सगळ्यात मोठा बदल २००७ च्या आवृत्तीत झाला. वरचे जुने मेनू गेले आणि चित्रांची पट्टी आली, तिला रिबन म्हणतात. फायदाही झाला: एका पानावर आधी ६५,५३६ ओळी मावत, त्या १०,४८,५७६ झाल्या. पण काही ओळखीच्या सोयी रिबनवर आल्याच नाहीत. गुगल शीट्समध्येही 'एक्सप्लोर' ही सोय २०२४ च्या सुरुवातीला बंद झाली.

बटण दिसलं नाही की आधी एकच प्रश्न विचारा: ते लपलंय, बदललंय की बंद झालंय?

१. लपलेलं बटण. उदाहरण 'फॉर्म'चं. एका बाईचं नाव, बचत, हप्ता, व्याज असं एका चौकटीत भरायची ही सोय नोंदीला फार सोपी. ती रिबनवर नाही, पण संगणकावरच्या एक्सेलमध्ये आजही आहे. ती अशी बाहेर काढा: फाईल, मग ऑप्शन्स, मग क्विक अ‍ॅक्सेस टूलबार. वरच्या यादीत 'कमांड्स नॉट इन द रिबन' निवडा. खालच्या यादीत 'फॉर्म' शोधा, 'अ‍ॅड' दाबा, मग 'ओके'. बटण वरच्या छोट्या पट्टीवर येईल.

२. बदललेलं बटण. पूर्वी 'शेअर वर्कबुक' वापरून एकच फाईल दोघी-तिघी भरत. नव्या एक्सेलमध्ये हे बटण समोर दिसत नाही. त्याच्या जागी फाईल वनड्राइव्हवर ठेवून एकत्र काम करायची पद्धत आली. इथे जुन्याचा हट्ट न धरता नवी पद्धत शिकलेली बरी. फाईल कोण बघू शकतं आणि कोण बदलू शकतं, हे मात्र बैठकीत ठरवून ठरावात लिहा.

३. बंद झालेलं बटण. 'एक्सप्लोर' आपोआप बेरजा आणि आलेख सुचवायचं. ते गेलं तरी बेरजेचं सूत्र आहे, आलेखही स्वतः घालता येतो. एखादी सोय खरंच गेली असेल तर ती नेमकं काय करत होती ते कागदावर लिहा. बहुतेक वेळा ते काम म्हणजे बेरीज, वजाबाकी आणि टक्केवारीच असतं.

कसोटीचं पान

फाईलमध्ये एक वेगळं पान ठेवा, ज्याचं उत्तर आपल्याला आधीच माहीत आहे. उदाहरण घ्या. एका ताईने शेळ्यांसाठी गटातून १०,००० रुपये घेतले. व्याज दरमहा शेकडा २, आणि दरमहा १,००० रुपये मुद्दल परत.

पहिल्या महिन्याचं व्याज २०० रुपये. दुसऱ्या महिन्यात शिल्लक ९,०००, म्हणून व्याज १८०. तिसऱ्यात १६०. असं उतरत दहाव्या महिन्यात २०. दहा महिन्यांचं एकूण व्याज १,१०० रुपये.

अपडेट झालं, फाईल नव्या संगणकावर गेली किंवा कुणी सूत्रं बदलली, की आधी हे पान उघडा. १,१०० आले तर पुढे चला. २,००० आले तर व्याज शिल्लक रकमेवर न लागता दर महिन्याला मूळ रकमेवर लागतंय. मधले ९०० रुपये त्या ताईच्या घामाचे आहेत. ते चुकीने कापले गेले तर कुणाच्या लक्षातही येणार नाही.

अजून एक खूण. साधारणपणे आकडे रकान्यात उजवीकडे बसतात आणि मजकूर डावीकडे. एखादी रक्कम डावीकडे चिकटलेली दिसली तर ती मजकूर म्हणून भरली गेली असेल. बेरजेचं सूत्र तिला सोडून देतं आणि काही सांगतही नाही.

मोठ्यांचीही चूक होते

२०२० मध्ये इंग्लंडच्या सरकारी आरोग्य यंत्रणेत असंच झालं. कोरोनाच्या तपासण्यांची माहिती एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाईलमध्ये घेतली जात होती. त्या फाईलची ओळींची मर्यादा संपली आणि उरलेल्या नोंदी गळाल्या. सुमारे १६,००० रुग्ण रोजच्या आकडेवारीतून सुटले, आणि त्यांच्या संपर्कातल्या लोकांना कळवायला उशीर झाला. आलेल्या नोंदी आणि फाईलमध्ये बसलेल्या नोंदी जुळतात का, हे रोज मोजलं असतं तर चूक लगेच दिसली असती.

आपला गट लहान, म्हणून मोजणं सोपं. गटात १२ जणी असतील तर यादीत १२ नावं हवीत. दर महिन्याला १०० रुपये बचत असेल तर त्या महिन्याची बचत १,२०० हवी. सुरुवातीची शिल्लक अधिक जमा वजा खर्च, ही रक्कम पेटीतल्या आणि बँकेतल्या पैशांशी जुळायलाच हवी.

अपडेटच्या आधी

- दर महिन्याला फाईलची प्रत तारीख घालून वेगळी ठेवा, एक पेन ड्राइव्हवरही.
- ऑडिटच्या किंवा बँकेच्या कागदपत्रांच्या आठवड्यात अपडेट करू नका. ते काम संपलं की मात्र करून घ्या, कारण सुरक्षेसाठी अपडेट लागतंच.
- गुगल शीट्स वापरत असाल तर संगणकावर 'व्हर्जन हिस्टरी' उघडायला शिका. कालची फाईल तिथे परत मिळते.
- महिन्याचा ताळा छापून घ्या आणि त्यावर अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष अशा तिघींच्या सह्या घ्या.
- रोकड वही आणि सभासद पासबुक बंद करू नका. रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यातला गट असो की साक्री-शिरपूरकडचा पाड्यावरचा, वीज आणि रेंज गेली तरी वही उघडते.

पुढच्या बैठकीत करून बघा

१. वरचं १०,००० रुपयांचं उदाहरण आधी सगळ्या जणींनी वहीत सोडवा, मग फाईलमध्ये. दोन्ही उत्तरं जुळली का?

२. आपली फाईल किती जणींना उघडता येते? एकीलाच येत असेल तर या महिन्यात दुसरीला शिकवा.

३. आपण रोज वापरतो ती तीन बटणं लिहा. प्रत्येकीसमोर लिहा: हे गेलं तर हे काम हाताने कसं करायचं?

ज्या गटाला तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर लिहिता आलं, त्या गटाची बैठक अपडेटमुळे कधी अडणार नाही.