घर मामांचं, जागा नझूलची

खामगावच्या मामांकडे पत्र्याची एक पेटी आहे. तीत नगरपालिकेच्या घरटॅक्सच्या पावत्या वर्षवार दोऱ्यानं बांधलेल्या. "आपनच त टॅक्स भरतो, मंग जागा कोनाची?" असं मामा ठामपणे म्हणायचे. मुलीच्या शिक्षणासाठी घर तारण ठेवायला गेले, तेव्हा बँकेतल्या साहेबांनी आखीव पत्रिकेवर बोट ठेवलं. जागा शासनाची, नझूल. आजोबा नुसते पट्टेदार. तीस वर्षांचा पट्टा संपून किती काळ लोटला, हे घरात कुणाच्या गावीही नव्हतं.

कर्ज मिळालं नाही.

पट्टा ही गोष्ट वऱ्हाडाला नवी नाही. 1902 साली निजामानं सगळा वऱ्हाडच, बुलढाणा जिल्ह्यासकट, वर्षाला 25 लाख रुपयांवर इंग्रजांना कायमच्या पट्ट्यानं दिला होता. मामांचा पट्टा मात्र मुदतीचा. विदर्भात शेत कसणाऱ्या कुळांना 1958 च्या कुळकायद्यानं मालकीची वाट करून दिली. शहरातल्या नझूल पट्टेदारांना त्यासाठी फार थांबावं लागलं. नागपूर आणि अमरावती विभागांसाठी डिसेंबर 2015 मध्ये धोरण आलं. पुढे 2024 च्या विशेष अभय योजनेत निवासी जागा भोगवटादार वर्ग-1, म्हणजे फ्रीहोल्ड, करण्याचं अधिमूल्य बाजारमूल्याच्या 5 टक्क्यांवरून 2 टक्क्यांवर आणलं. वीस लाखांच्या जागेला एक लाखाऐवजी चाळीस हजार. सामान्य घराला हा फरक लहान नाही.

मामांनी अर्ज केला, पण उशिरा. पत्रिकेवर आजोबांचंच नाव, वारस नोंद झालेलीच नाही. मामांच्या दोन बहिणी, एक पुण्याला, एक अकोल्याला. सह्यांसाठी महिने गेले. त्यात समोरची खोली किराणा दुकानाला भाड्यानं दिलेली. राहण्यासाठी दिलेल्या जागेत दुकान, म्हणजे शर्तभंग. शिवाय थकलेलं भुईभाडं. योजनेची मुदत 31 जुलै 2025 ठरली होती. तो दिवस उजाडला तेव्हा फाइल वारसांपाशीच अडकलेली होती. मामा त्या संध्याकाळी पेटी उघडून बसले होते, एकेक पावती उलगडत.

दोष कुणा एकाचा नाही, पण हे टाळता आलं असतं. घरटॅक्सची पावती मालकीचा पुरावा नव्हे. भूमी अभिलेख कार्यालयातून आखीव पत्रिकेची ताजी नक्कल काढा. सत्ताप्रकार, पट्ट्याची मुदत आणि धारकाचं नाव नीट वाचा. घरातलं माणूस गेलं की वारस नोंद लगेच करा, भाऊबहिणी सगळे हयात असताना. नझूलची जागा साध्या स्टॅम्पपेपरवर कुणी विकत असेल तर घेऊ नका. परवानगीशिवाय झालेला व्यवहार घेणाऱ्याच्याच गळ्यात पडतो. अशा योजनांना कधी मुदतवाढ मिळते, कधी नाही. म्हणून आज कोणता दर लागू आहे, हे जिल्हाधिकारी कार्यालयाच्या नझूल शाखेत लेखी अर्ज देऊन विचारा, आणि पोच घ्यायला विसरू नका.