नवशिक्याच्या हाती ट्रॅक्टर देण्यापूर्वी

बैलगाडी जुंपण्यापूर्वी आपले वडील काय करीत, हे वाचकांपैकी पुष्कळांनी प्रत्यक्ष पाहिले असेल. आसाची खीळ जागेवर आहे ना, चाकावरील धाव ढिली झाली नाही ना, शिवळा व जोती धड आहेत ना, हे पाहिल्यावाचून ते गाडीत पाऊल ठेवीत नसत. त्याच घरात आज ट्रॅक्टर आला आहे. परंतु ती जुनी रीत मात्र बैलांबरोबरच गेली, असे खेदाने म्हणावे लागते. चावी फिरविली, धूर निघाला, की मुलगा निघाला.

आम्ही महसूल खात्यात कारकुनी केली. चावडीत बसून लिहिलेली पीकपाहणी आणि बांधावर उभे राहून लिहिलेली पीकपाहणी यांत किती अंतर पडते, हे आम्हास पक्के ठाऊक आहे. ट्रॅक्टरची पाहणीही बैठकीवर बसून होत नाही. खाली उतरून, चारी बाजूंनी एक फेरी घालून ती करावी लागते. आणि नवशिक्यास गिअर शिकविण्याआधी ही फेरी शिकवावी, असे आमचे मत आहे.

फेरी सकाळी, इंजिन थंड असता व ट्रॅक्टर सपाट जागी उभा असता घालावी. प्रथम खालची जमीन पाहावी. तेलाचे अथवा पाण्याचे थेंब पडले असल्यास ते कोठून आले याचा शोध करावा. मग तेलाची पट्टी काढून पुसावी, पुन्हा आत घालून काढावी; तेल दोन खुणांच्या मध्ये असले पाहिजे. तेल दुधाळ दिसल्यास त्यात पाणी शिरले आहे असे समजून इंजिन मुळीच चालू करू नये, मिस्त्रीस बोलवावे. रेडिएटरचे झाकण गरम असता कदापि उघडू नये. आतले पाणी दाबाखाली असते व झाकण सैल होताच उसळून तोंडावर येते. पंख्याचा पट्टा अंगठ्याने दाबून पाहावा. बॅटरीच्या तारा घट्ट असाव्यात, एवढे तिच्याविषयी पुरे.

टायरवर काठी मारून हवा पाहण्याची चाल सर्वत्र आहे. तिचा उपयोग काठीस होत असेल. हवा मापकानेच पाहावी, व किती असावी हे कंपनीच्या पुस्तिकेतून घ्यावे. पुढच्या व मागच्या चाकांचा आकडा सारखा नसतो, हे ध्यानी असावे. मात्र डाव्या व उजव्या चाकांतील हवा सारखी नसली तर ट्रॅक्टर एका अंगास ओढतो. चाकांचे नट हाताने नव्हे, पान्याने पाहावे. नटाभोवती गंजाचा ओघळ दिसला तर तो नट ढिला झाला असण्याचा संभव फार.

आता ब्रेक. येथे आम्ही थोडे विस्ताराने लिहितो. मोटारीस ब्रेकचे एकच पेडल असते. ट्रॅक्टरच्या मागील दोन चाकांस दोन निरनिराळी पेडले असतात. शेताच्या कडेस थोडक्या जागेत वळता यावे म्हणून ही योजना आहे. रस्त्यावर मात्र दोन्ही पेडले कडीने एकत्र जोडलेली असलीच पाहिजेत. एकच दाबले गेले तर त्या अंगाचे चाक थांबते व दुसरे फिरत राहते.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमचा पुतण्या, अठरा वर्षे पूर्ण, शिकाऊ परवाना खिशात, दिवाळीच्या सुटीत आमच्याच संमतीने ट्रॅक्टर घेऊन मळ्याच्या वाटेने निघाला. आदल्या दिवशी नांगरटीसाठी कडी सोडलेली होती. ती पुन्हा कोणी अडकविली नव्हती. ओढ्याच्या उतारावर त्याने घाईने एकटे उजवे पेडल दाबले. ट्रॅक्टर गर्रकन वळून बांधावर चढला. मुलगा स्टिअरिंग धरून राहिला. परंतु मडगार्डवर बसलेला आमचा जुना सालगडी खाली पडला व त्याचा हात कोपराजवळ मोडला. मागचे चाक त्याच्या अंगावरून गेले नाही, हे केवळ दैव. त्या हंगामात त्यास विळा धरता आला नाही. त्याच्या घरची माणसे आम्हास एका शब्दानेही बोलली नाहीत, हेच आम्हास अधिक बोचते. मुलाचा दोष आम्ही मानीत नाही. चावी आम्ही दिली होती, आणि कडी पाहावयाचे त्यास आम्ही शिकविले नव्हते.

तेव्हापासून आमच्या येथे मडगार्डवर कोणी बसत नाही. कडी लावून, मोकळ्या सपाट जागी अगदी हळू चालवून ब्रेक दाबून पाहतात. ट्रॅक्टर सरळ थांबला तरच पुढे जातात.

ट्रॉली जोडलेली असल्यास काम दुप्पट होते. जोडाची पिन कंपनीची व पुरेशा जाडीची असावी, आणि ती वर उडू नये म्हणून खाली क्लिप असावी. तेथे सळईचा तुकडा घालणारे सद्गृहस्थ आम्ही पाहिले आहेत. ओढ नेहमी खालच्या हुकास द्यावी. वरच्या दांड्यास दिल्यास पुढची चाके उचलून ट्रॅक्टर मागे उलथण्याचे भय असते. भरलेली ट्रॉली उतारावर ट्रॅक्टरला ढकलते, यास्तव उतार लागण्यापूर्वीच खालचा गिअर घ्यावा. डिझेल वाचविण्यासाठी न्यूट्रलमध्ये उतरणे हा शुद्ध अविचार होय. गळीत हंगामात उसाने भरलेली ट्रॉली रात्री रस्त्यावर उभी असते, तेव्हा मागून दुचाकीवर येणाऱ्यास ती दिसावी म्हणून मागचा लाल दिवा व चकाकणारी पट्टी रोज ओल्या फडक्याने पुसावी. चिखलाने माखलेली पट्टी असून नसल्यासारखी.

कायद्याविषयी दोन शब्द. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो. सार्वजनिक रस्त्यावर शिकणाऱ्याजवळ पक्का परवाना असलेला शिक्षक, वाहन थांबविता येईल अशा जागी, असला पाहिजे. पुढे व मागे पांढऱ्या पाटीवर तांबडे ‘एल’ अक्षरही हवे. ट्रॅक्टरवर बैठक एकच, तेव्हा शिक्षकास बसवावे कोठे? म्हणून पहिले धडे पडीक शेतातच द्यावेत, हे बरे. अठरा वर्षांखालील मुलाच्या हाती ट्रॅक्टर देणाऱ्या पालकाने अथवा मालकाने एवढे जाणून असावे की, १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात २०१९ साली घातलेल्या कलम १९९ अ अन्वये, मुलाकडून गुन्हा घडल्यास पालकास अथवा मालकास तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो.

पीटीओच्या फिरत्या दांड्याविषयीही लिहावयाचे होते. परंतु तो विषय मळणीयंत्राबरोबर घेणे सोयीचे, म्हणून येथेच थांबतो.